क्रमांक चारशे बारा

बातम्यांखाली येणाऱ्या कमेंट वाचायच्या आणि नको त्या काढून टाकायच्या, हे काम तो त्या वृत्तपत्राच्या वेबसाइटसाठी अकरा वर्षं करत होता. ऑफिसात त्याला सगळे चाळणी म्हणत. तोही त्या नावाला ओ देई.

लिहिणाऱ्यांनी स्वतःच पुसलेल्या कमेंट तो वेगळ्या ठेवायचा. त्या स्क्रीनवरून जात, सर्व्हरवरून जात नसत. प्रत्येकीला क्रमांक, लिहिल्याची वेळ, पुसल्याची वेळ. "माणूस जे मागे घेतो ना, ते नीट वाचावं," असं त्याचं म्हणणं.

"लोकांनी थुंकलेलं गोळा करतोस," शेजारच्या टेबलावरची उपसंपादक म्हणायची, "आणि वर नंबर घालतोस."

या वर्षी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ती यादी अभ्यासासाठी मागितली. वकिलांनी अट घातली: प्रत्येक लिहिणाऱ्याला आधी कळवा, आणि ज्याला स्वतःची नोंद पाहायची असेल त्याला ती पूर्ण दाखवा. चाळणीने नऊशे बारा ईमेल पाठवले. 'आपण पुसलेली एक कमेंट आमच्याकडे जतन केलेली आहे,' एवढंच त्यात होतं. मजकूर मुद्दाम घातला नव्हता. नोंदणीच्या पत्त्यावरून विनंती आली तर ती लिहिणाऱ्याचीच समजावी, हा नियम त्याचाच. वकिलांना तो आवडला.

चारशे बाराची विनंती तीन तासांत आली. 'नोंद पूर्ण पाठवावी.' त्याने पाठवली. टोपणनाव, मोबाइल नंबर, नऊ मिनिटांच्या अंतराने दोन वेळा, आणि मजकूर: 'दवाखान्यातली लिफ्ट लिफ्टमनमुळे पडली नाही. दोर बदलायचा राहिला होता. आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.' बातमी सहा वर्षांपूर्वीची होती. साफसफाई करणारी एक बाई त्या लिफ्टमध्ये मेली होती. लिफ्टमनला दोन वर्षांची शिक्षा झाली होती.

आठव्या दिवशी सकाळी एक बाई त्याच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. पस्तिशीची, हातात कापडी पिशवी, पायात घरात घालायच्या सपाता.

"चारशे बारा म्हणजे मी," ती म्हणाली.

त्याने खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"तो ईमेलचा पत्ता आमच्या वर्कशॉपचा आहे. लिफ्ट दुरुस्तीचं सासरचंच काम, तिघा भावांचं. तेव्हा तिथली पत्रं मी टाइप करायचे, म्हणून तोच घातला. आता मेल मोठे भावजी बघतात."

"म्हणजे विनंती तुमची नव्हती."

"भावजींनी मागितलं, तुम्ही दिलंत. जेवताना वाचून दाखवलं सगळ्यांना. सासूबाईंनी विचारलं, नंबर कुणाचा. नंबर सगळ्यांना पाठ आहे."

"तुमचे मिस्टर?"

"जेवत होते." तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मी बहिणीकडे आहे. मुलगी सासरीच. आठ वर्षांची आहे. फोनवर देत नाहीत."

"आम्ही नियमाप्रमाणे–"

"तुमच्या मशीनने मला विचारलं होतं, नक्की पुसायचं का. मी हो म्हटलं होतं. मग ते तुमच्याकडे कसं राहिलं?"

त्याच्याकडे उत्तर होतं. अटींच्या सातव्या परिच्छेदात ते छापलेलंही होतं. त्याने ते दिलं नाही.

"भावजी म्हणतात, पेपरचं पत्र आण, मग बघू. चूक झाली म्हणून लिहा. नंबर दुसऱ्याच कुणाच्या नोंदीतला होता म्हणून लिहा."

"पण ते खरं होतं ना?"

"खरं होतं म्हणूनच पुसलं."

"आणि तो लिफ्टमन?"

"सुटून आला. मुलीच्या शाळेसमोर छत्र्या दुरुस्त करतो. मी पलीकडच्या फुटपाथने जाते." आता ती बसली. "तुम्ही तर तेव्हाच वाचलं होतंत. सहा वर्षं तुमच्याकडे होतं. तुम्ही काय केलंत त्याच्यासाठी?"

शेजारच्या टेबलावरचं टायपिंग थांबलं होतं.

त्याने केलं होतं ते एवढंच, की त्या मजकुराला क्रमांक दिला होता.

अकरा वर्षांत त्याने एकही खोटी ओळ लिहिली नव्हती. पत्राला त्याला वीस मिनिटं लागली. 'तांत्रिक चुकीमुळे,' त्याने लिहिलं, 'सदर मोबाइल क्रमांकाचा या मजकुराशी संबंध नाही.' सही केली, शिक्का मारला. सवयीने दोन प्रती काढल्या, एक तिला, एक ऑफिसच्या फायलीला.

तिने हात पुढे केला. "तीही द्या."

त्याने दिली. तिने दोन्ही घडी घालून पिशवीत ठेवल्या.

"आणखी कुठे आहे ते? मी लिहिलेलं?"

एक प्रत वकिलांकडे होती. सर्व्हरवर रोज पहाटे नवी निघत होती. आणि पूर्ण यादी तपासणीसाठी सोमवारीच ग्रंथालयाला गेली होती.

"कुठेही नाही," तो म्हणाला.

त्या दिवशीचं त्याचं हे दुसरं खोटं. पहिलं घेऊन ती जिना उतरत होती.