हळदकुंकवानं मुकी झाले

बोलतेय मीच. डांगे चौकातल्या दुकानदारानं जिला बघता बघता मयत ठरवलं, ती हार्ड डिस्क. अहो, मयत कसली! चांगली धडधाकट होते मी. फक्त माझं बोलणं कॉम्प्युटरपर्यंत पोचत नव्हतं. पण एकदा बोलणं पोचेनासं झालं की लोक 'गेली' म्हणून मोकळे होतात, त्याला मी काय करणार?

माझा जन्म थायलंडमधल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या खोलीत धुळीच्या कणालाही मज्जाव. कामगार डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले, नुसते डोळे दिसायचे. माझ्या पोटात गरगर फिरणाऱ्या तबकड्या आहेत ना, त्यांना धूळ सोसत नाही. एवढ्या निगुतीनं जन्मले आणि आले कुठं, तर थेरगावात! पुढं कायमचं रस्त्याचं खोदकाम, मागं पिठाची गिरणी. पण खोटं कशाला बोलू, त्या घरानं मला फार जपलं.

घर सयाजीरावांचं. ते चाकणच्या एका कंपनीत टर्निंगच्या मशीनवर होते. मुलगी स्वप्नाली कॉलेजात गेली तेव्हा त्यांनी कॉम्प्युटर आणला, त्याच्या पोटात मी आले. स्वप्नालीनं माझ्यात अभ्यास ठेवला, गाणी ठेवली, मैत्रिणींचे फोटो ठेवले. तिची आई गिरजाबाई लांबूनच नाक मुरडायच्या. "मेलं दिसभर त्या डबड्याकडं काय बघायचं?" पण एकदा लेकीला घेऊन बहिणीकडं गावाला निघताना त्यांनीच तिला माईक लावायला सांगितला. सयाजीराव दुसऱ्या शिफ्टला होते आणि त्यांचा मोबाइल कंपनीच्या गेटवर जमा. म्हणून बाईंनी नवऱ्यासाठी निरोप बोलून माझ्यात ठेवला.

पुढं स्वप्नाली लग्न होऊन रावेतला गेली. सयाजीराव रिटायर झाले आणि त्यानंतर वर्षभरात गिरजाबाई आजारपणात वारल्या. त्यांचे फोटो घरात भरपूर होते, आवाज मात्र कुठंच नव्हता. होता तो तेवढ्या एका निरोपात, आणि निरोप माझ्यात. सयाजीराव रोज संध्याकाळी कॉम्प्युटर लावायचे, तो निरोप ऐकायचे आणि बंद करायचे. माझ्यात आणखी काय काय आहे, ते त्यांनी कधी उघडूनसुद्धा बघितलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट संध्याकाळची मी वाट बघायचे.

मग आली खंडेनवमी. कंपनीत असताना त्या दिवशी सयाजीराव आपलं मशीन खोलून पुसायचे, तेल द्यायचे, हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालायचे. आता मशीन नव्हतं. मग राहिलं कोण? आम्हीच! त्यांनी कॉम्प्युटर खोलला, मला बाहेर काढलं, मऊ फडक्यानं पुसलं. "हिनं लई सांभाळलं आमाला," असं म्हणाले आणि पाण्यात कालवलेलं हळदकुंकू बोटानं मला लावलं. कुठं लावावं? नेमकं जिथं केबल बसते त्या खाचेवर! मशीनला कुठंही लावलं तरी चालतं हो, पण माझं तेवढंच तर तोंड.

दसऱ्याला त्यांनी कॉम्प्युटर लावला, तर काळ्या पडद्यावर नुसती इंग्रजी ओळ आली, डिस्क सापडत नाही. मी आत फिरत होते. अहो, आहे मी, इथंच आहे, म्हणून जिवाच्या आकांतानं सांगत होते. वीज वेगळ्या वाटेनं येत होती म्हणून फिरणं चालू होतं. बोलायची वाट तेवढी बुजली होती. सयाजीरावांनी कॉम्प्युटर बंद केला, लावला, परत बंद केला. टीव्हीला मारतात तशी एक थापही मारली. मग पिशवीत घालून डांगे चौकात नेला.

वरवरचं कुंकू तोवर झडलं होतं, आतलं वाळून घट्ट बसलं होतं. दुकानदारानं आत कुठं बघितलं? त्यानं दुसरी केबल खुपसली आणि मान हलवली. "काका, डिस्क गेली. नवी टाकतो. असं काय ठेवलंय हिच्यात?"

"माझी बायकू हाय," सयाजीराव म्हणाले आणि मला घेऊन घरी आले.

त्यांनी मला गिरजाबाईंच्या साडीत गुंडाळून कपाटात ठेवलं. तिथं वीज नाही, फिरणं नाही, कुणाची हाक नाही. कधी दार उघडायचं. सयाजीराव मला हातात घ्यायचे, कानाला लावायचे आणि परत ठेवायचे. फार एकटं वाटायचं हो तेव्हा. त्यांना हवं ते माझ्या पोटात होतं, मलाही द्यायचं होतं, पण वाट बुजलेली.

आज सकाळी त्यांनी लेकीला फोन केला. "पोरी, तुज्या आईचा आवाज आठवंना गं मला. तोंड दिसतंय, आवाजच न्हाई येत." स्वप्नाली रावेतहून तडक आली. तिनं मला खिडकीपाशी उजेडात धरलं.

"बाबा, या खाचेत लाल-पिवळं काय आहे?"

"हळदकुंकू हाय. खंडेनवमीचं."

"अहो, इथं लावतं का कुणी?"

"मंग? पूजा न्हाई करायची व्हय?"

ती हसली आणि हसता हसताच रडायला लागली. जुन्या टूथब्रशवर सॅनिटायझर घेऊन तिनं माझी खाच हळूहळू साफ केली, कोरडी होऊ दिली, केबल लावली. आणि काय सांगू, कॉम्प्युटरनं मला ओळखलं!

"आवो, मी गिरजा बोलतीय. भाकरी टोपल्यात हाय. आमटी तापवून घ्या, गार खाऊ नगा. आन् जेवल्याबिगर झोपायचं न्हाई, सांगून ठिवते."

"न्हाई झोपत," सयाजीराव पडद्याकडं बघत म्हणाले. "जेवतो आता."

थोड्या वेळानं स्वप्नालीनं पर्समधून पेनड्राइव्ह काढला. "बाबा, हे यात उतरवून घेते."

सयाजीरावांनी दोन्ही हात माझ्यावर ठेवले. "नगं! आता हिला कुणी हात लावायचा न्हाई. परत मुकी झाली तर?"

अहो सयाजीराव, कसं सांगू तुम्हाला! कुंकवाचं दुखणं बरं होण्यासारखं होतं. आता माझ्या पोटात टकटक सुरू झालीय, ती आम्हा डिस्कांची शेवटची घरघर. मी म्हातारी झालेय, जायचं मला दुःख नाही. पण जाताना गिरजाबाईंना घेऊन जाईन, याची धास्ती वाटते.

सयाजीराव हात धुवायला मोरीत गेलेत. स्वप्नाली पेनड्राइव्ह मुठीत धरून बसलीय, वडिलांचा शब्द तिला मोडवत नाही. मोड गं पोरी, आज तेवढा मोड. ते जेवून उठायच्या आत आईला उतरवून घे. मग मला खुशाल भंगारात दे. मी फिरतेय अजून, पण घाई कर.