तानीबाईंचा न दुखणारा दात

मित्रांनो, मी दातांच्या दवाखान्यातली म्हातारी खुर्ची. जन्म कारखान्यातला, पण आयुष्य गेले पालघरच्या मासळीबाजारासमोर, पहिल्या मजल्यावर. डॉक्टर प्रताप यांनी माझ्या जिवावर अर्ध्या तालुक्याच्या दाढा काढल्या, नाव कमावले. मग बोईसरला दात जास्त आहेत असे कळले आणि ते तिकडे गेले. तिथे नवी खुर्ची घेतली. मला न्यायचे कोणाच्या लक्षात आले नाही.

ती खोली दिशाताईंनी भाड्याने घेतली. वडील जळगावकडून तारापूरच्या वीज केंद्रात नोकरीला आले, त्यामुळे त्या तिथल्याच वसाहतीत वाढल्या. मानसशास्त्र शिकल्या, मनोरुग्णालयात उमेदवारी केली, मग मुंबईच्या मोठ्या इस्पितळात लागल्या. तिथे माणूस रडू लागेपर्यंत त्याची वेळ संपलेली असे. म्हणून त्यांनी स्वतःचा दवाखाना काढला. एकाच उंचीच्या दोन वेताच्या खुर्च्या मांडल्या. त्या इंजेक्शन देत नसत, गोळी देत नसत, सल्लाही देत नसत. पालघरात सल्ला घरोघरी मिळतो. आलेल्या माणसाला त्या पहिल्याच दिवशी सांगत, "तुम्हाला माझी गरज राहिली नाही, की माझं काम झालं."

पण सुरुवातीला फारसे कोणी येईना. वेड्यांच्या डॉक्टरकडे जाताना दिसायला कोण तयार होईल? शेवटी दिशाताईंनी जागा तरी मोकळी व्हावी म्हणून मला भंगारात काढायचे ठरवले.

तेवढ्यात गाल धरून तानीबाई आल्या. त्यांची गोष्ट मी सांगते, कारण ती त्यांनीच बाजारभर केली. बाकी कोणाबद्दल माझ्याकडून अक्षर निघणार नाही. खुर्चीलाही नियम असतात.

तानीबाई सातपाटीच्या. समोरच्या बाजारात सासूने ठेवलेली त्यांची बसायची जागा. एके दिवशी तिथेच छाती धडधडली, श्वास अडकला, मेले असे वाटले. ईसीजी निघाला स्वच्छ. भगताने कोंबडा घेतला. घरचे म्हणाले, नाटक आहे. त्या दिवसापासून बाजार दिसला की धडधड सुरू. जागेवर जाऊबाई रखमा बसू लागल्या. नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडतील, तेव्हा तानीबाई आल्या नाहीत तर जागा रखमाचीच, असे घरात ठरले होते.

हे सगळे सांगून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. "बाय, ही खुर्ची नका काढू. मी घरी दाताचं सांगून आलेय. कोण डोकावलं तर खुर्ची दिसाय पायजे."

दिशाताई म्हणाल्या, "मी कोणाशी खोटं बोलणार नाही. पण खुर्ची खिडकीजवळच्या कोपऱ्यात राहील."

अशी मी पुन्हा कामाला लागले. हळूहळू बाकीचेही येऊ लागले, तेही गाल धरूनच.

दिशाताईंनी तानीबाईंना जिना पळत चढायला लावला, स्वतःही बरोबर धावल्या. छाती धडधडली, श्वास फुलला, मेले मात्र कोणी नाही. खालच्या झेरॉक्सवाल्या निमेशला वाटले, दात फारच दुखतोय. मग दोघी खिडकीतून बाजार बघत बसल्या. मग तानीबाई रिकामी टोपली घेऊन जागेपाशी उभ्या राहू लागल्या. कधी मध्येच परत फिरत. दिशाताई रागावत नसत, उद्याची वेळ देत.

पौर्णिमा झाली. होड्या मासळी घेऊन परतल्या आणि तानीबाई भरल्या टोपलीनिशी आपल्या जागेवर बसल्या. आम्ही खिडकीत. त्यांनी छातीवर हात ठेवला. आता उठणार, असे मला वाटले. रखमाबाईंनाही वाटले असावे, कारण त्यांनी मोठ्याने विचारले, "काय गं, दात बरा झाला का?"

तानीबाईंनी हात खाली घेतला. "दात कदी दुकतच नव्हता. मला भीती वाटत व्हती. वर त्या बायकडं जात व्हते. आताबी छाती धडधडतेय, धडधडू दे. तू सरक, माझं गिऱ्हाईक अडतंय."

बाजारातल्या माना वळल्या. मग पापलेटाचा भाव विचारला गेला.

त्या आठवड्यात एक बाई जिना चढून आल्या, दोन्ही हात मोकळे. मग एक गृहस्थ आले, तेही तसेच. माझ्याकडे कोणी पाहिलेसुद्धा नाही. इतका मोठा मान मला कवळ्यांच्या काळातही मिळाला नव्हता.

माझी गरज राहिली नव्हती, म्हणजे माझेही काम झाले होते. भंगारवाला आला. मित्रांनो, दात दुखला तर तुम्ही लगेच धावता, तसेच मनासाठीही धावा. त्यासाठी खुर्चीचा आडोसा लागतो तोवर तो लागू द्या. लाज माणसालाच वाटते, खुर्चीला नाही.

मला जिन्यावरून उतरवताना समोरून तानीबाईंचा आवाज आला.

"अरे, सांबाळून उचल. माझा दात तिनंच राखलाय."

आणि सगळा बाजार हसला. रखमाबाईसुद्धा.