विरी ओढायची नाही

माझं तोंड फाटकं आहे, हे अख्ख्या चौलाला ठाऊक आहे. दुसऱ्याचं कौतुक करायची वेळ आली की गोदूच्या पोटात दुखतं, असं माझेच भाऊबंद सांगत फिरतात. फिरू देत मेल्यांना. शेजारच्या पूनमचं कौतुक मी करणार आहे आणि तुम्ही ते निमूट ऐकायचं.

पूनम माणगावकडची, भातशेतीतली पोर. आमच्या स्वप्निलला दिली तेव्हा तिला पोफळ कुठली नि माड कुठला हे धड सांगता येत नव्हतं. स्वप्निल थळला कंपनीत, शिफ्टची नोकरी. वाडी सासूच बघायची. सासू गेली आणि पाठोपाठ ते निसर्ग वादळ आलं. एका दुपारीत तिची सुपारीची वाडी गेली आणि कुंपणापलीकडची माझीही गेली. जिथं भर दुपारी अंधारून यायचं, तिथं ओटीवर बसून थेट खाडी दिसायला लागली हो! मी हंबरडा फोडला. पूनम तेव्हा पोटुशी होती, आरोही पोटात. पडलेल्या पोफळीवर जाऊन बसली आणि म्हणाली, "काकी, ही वाडी मी परत उभी करीन."

मी म्हटलं, "बाई गो, आधी तू उभी राहा. खाली साप असतील."

आता आम्हा वाडीवाल्यांची अक्कल ऐका. पिढ्यान्‌पिढ्या आमच्यात एक पोफळ म्हातारी झाली की तिच्या शेजारी नवं रोप लावायचं, संपलं. वर सावली असायचीच. सावलीसुद्धा लावावी लागते हे कुणाला माहीतच नव्हतं, कारण आमच्या बापजाद्यांवरही तशी वेळ आली नव्हती. त्या पावसात सगळ्यांनी उघड्या रानात रोपं लावली. पूनमनं विचारलं तर आम्ही चार जाणत्यांनी माना डोलावल्या, लाव, आमच्यात अशीच लावतात. झालं! होळी आली तोवर पश्चिमेच्या उन्हानं एकूण एक रोप भाजून निघालं. उन्हात विसरलेल्या पापडासारखी कुरकुरीत झाली होती पानं.

त्यानंतर लोकांचा धीर सुटला. कुणी वाडीत कॉटेज बांधली, कुणी जागाच देऊन टाकली. मी नुसती दार लावून बसले. पूनम मात्र तान्ह्या आरोहीला झोळीत टाकून वाडीच्या मधोमध उभी राहिली, उन्हं कुठून येतात, कुठं जातात ते बघत. मग म्हणाली, "रोपांचं चुकलं नाही काकी. आपण आधी सावली लावायला हवी होती." आणि तिनं पश्चिमेच्या अंगानं केळी लावल्या. मे महिन्यात दुसरं वादळ आलं आणि केळीही भुईसपाट.

त्या दिवशी तिनं भांडी अशी आपटली की माझ्या घरात आवाज येत होता. खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हटलं, चला, ही पण माणूसच आहे. पण दुसऱ्या दिवशी बघते तर बाई कोयता घेऊन मोडक्या केळी बुडाशी छाटतेय.

"आता कशाला गो?"

"केळ बुडातून परत येते काकी. तिला रडत बसायला वेळ नसतो."

आली हो केळ परत! पावसाच्या शेवटाला तिनं त्या सावलीत रोपं लावली, जिथं सावली पोचत नव्हती तिथं माडाच्या विणलेल्या झापांचा आडोसा केला. आणि एक नेम धरला. रोज सकाळी एका झाडाचं आळं साफ करायचं, त्यात पालापाचोळा भरायचा, आणि ते झाल्याशिवाय चहाला तोंड लावायचं नाही. ताप येवो, पाहुणे येवोत. मी कुंपणावरून चिडवायची, "काय गो तपस्विनी, दत्तगुरू प्रसन्न झाले का?" ती हसायची. माकडांनी शेंडे मोडले, डुकरांनी आळी उकरली. दर वेळी वाटायचं, आता ही कोयता फेकणार. कोयता काही फेकला नाही. दर वेळी जिथून मोडलं तिथूनच सुरू करायची. आमच्यात म्हणतात, चिकाटी असावी तर कालवाची असावी, खडक सोडत नाही. पूनम त्या कालवाच्या वरताण.

पण वाडी एकट्या तिची नव्हती. स्वप्निलचा थोरला भाऊ परेश पनवेलला असतो, निम्मी त्याची. वाईट माणूस नाही. पण रोपं लावून दोन वर्षं झाली तशी गणपतीत सगळ्यांसमोर बोलला, "पूनम, तुझ्या हट्टापायी जागा पडून आहे. पुढची दोन वर्षं थांबतो. तेव्हाच्या दत्तजयंतीच्या जत्रेपर्यंत एका तरी झाडाला पोय दाखव, मग मी हा विषय काढणार नाही. नाहीतर कॉटेज बांधायची." पोय म्हणजे पोफळीचा फुलोरा, त्यालाच पुढं सुपारी धरते. स्वप्निल खाली मान घालून बसला, बिचारा थोरल्याच्या शब्दाबाहेर कधी गेला नव्हता. पूनम म्हणाली, "चालेल."

दोन पावसाळे गेले आणि जत्रा आली. दत्ताच्या डोंगराखाली पाळणे लागले, मिठाईची दुकानं लागली, आणि परेश ठरल्याप्रमाणे कॉन्ट्रॅक्टरला घेऊन वाडीत हजर. मी काय घरात बसते होय? कुंपणातून आत.

वाडी बघून परेश जरा थबकला. डोक्यावर पुन्हा सावली होती, पायाखाली ओल होती. पण पोय? कुठंच नाही. फक्त विहिरीजवळच्या एका पोफळीची विरी फुगलेली. विरी म्हणजे पानाचा तो खोडाला लपेटलेला देठ. पोय तिच्याच आत झाकलेली असते. पान पिकलं की विरी आपण होऊन गळते आणि पोय मोकळी होते. कोवळेपणी ओढून काढली तर आतला फुलोरा उघडा पडून सुकतो. हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मी ओरडले, "परेश, ती बघ! गाभण हाय पोफळ!"

कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "साहेब, हे नुसतं पान आहे. फूल कुठाय?"

"पूनम, पोय दाखव असं ठरलं होतं," परेश म्हणाला.

"आत आहे भाऊजी. आठ-दहा दिवसांत विरी पडेल."

"दिवस आजचा ठरला होता."

झाड बुटकं, विरी हाताला येत होती. मीच म्हटलं, "ओढ गो! एक पोय गेली तर गेली, वाडी तरी राहील!" पूनम हलली नाही. मग परेशनंच हात वर केला आणि विरीची कड धरली.

पूनमनं त्याचं मनगट पकडलं. थोरल्या दिराचं मनगट! कॉन्ट्रॅक्टर बघतच राहिला.

"भाऊजी, वाडी घ्या," ती म्हणाली. डोळे भरले होते, पण हात सोडला नाही. "सही आत्ता करते. पण विरी ओढायची नाही."

स्वप्निल पुढं आला आणि झाडाला पाठ लावून बायकोच्या शेजारी उभा राहिला. अहो, जन्मात पहिल्यांदा! परेशनं कड सोडली. मग त्या फुगवट्यावर नुसता तळवा ठेवला. हात तसाच ठेवून कॉन्ट्रॅक्टरला म्हणाला, "तुम्ही डोंगरावर दर्शन घेऊन या. जत्रा संपेपर्यंत मी इथंच आहे."

कॉन्ट्रॅक्टर गेल्यावर मी पूनमला फैलावर घेतलं. "खुळी की काय तू? जरा ओढली असतीस तर निकाल लागला असता!"

"ओढली असती तर वाडी राहिली असती काकी, पण तिचं पहिलं फूल मीच मारलं असतं. मग इतकी वर्षं केलं ते कशासाठी?"

माझं तोंड बंद करणारी माणसं फार नाहीत. तेव्हा मात्र मी पदर सावरून कुंपणातून घरी परतले.

परेश राहिला. रोज सकाळी दात घासत विहिरीवर जायचा आणि वर बघायचा. जत्रेचा शेवटचा दिवस उजाडला, तरी विरी जागच्या जागी. स्वप्निलनं परेशची बॅग गाडीत ठेवली. मी पेजेचा वाडगा तसाच टाकून ओटीवर आले. आणि तेवढ्यात वाडीतून आवाज आला, थप्प!

आम्ही सगळे धावलो. विरी खाली पडली होती. वर खोडाला चिकटून पोय, मऊ पिवळसर, अजून पुरती उमललेलीही नाही. मी काय रडले म्हणून सांगू! मला हसावं की रडावं तेच कळत नव्हतं.

परेश पुढं वाकला. विरी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि पाच वर्षांच्या आरोहीला म्हणाला, "बस गो यात. घट्ट धर." लहानपणी आम्ही सगळेच विरीत बसून एकमेकांना ओढायचो, पण ह्या पोरीनं तो खेळ कधी पाहिलाच नव्हता, कारण ती जन्मली तेव्हा वाडीत झाडच नव्हतं. पहिल्या झाडाची ती एवढीशी विरी, पोरीचं बूड कसंबसं मावलं. इस्त्रीची पँट घालून परेश तिला पोफळींमधून ओढत पळत सुटला, आणि ती किंचाळत होती, "काका, अजून! अजून!"

मी पूनमला शोधलं. बाई पलीकडच्या झाडाशी कुदळ घेऊन वाकलेली.

"अगो, आज तरी!"

"आजचं आळं राहिलंय काकी. चहा व्हायचाय अजून."

मी कुंपण ओलांडून माझ्या उजाड वाडीत आले, पदर खोचला आणि तिला हाक मारली, "पूनम, केळीच्या बुडातले दोन मुनवे दे गो इकडं लावायला. आणि पश्चिम नक्की कुठली ते दाखव." तिनं कुदळ टाकली आणि मुनवे घेऊन आली. त्या दिवशी चहा आम्ही दोघींनीही उशिरा घेतला.