हात फिरवलेलं चित्र

साधनाने ब्लेडने पेन्सिलीला टोक काढलं, फुंकर मारून ती पायलच्या हातात दिली आणि शेजारच्या रिकाम्या बाकावर बसायला पदर सावरला, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"शिक्षकांनी बाहेर थांबायचं. सगळ्यांनी. यंदा आत फक्त मुलं."

बोलणाऱ्या बाई परीक्षक होत्या. केस बारीक कापलेले, चष्मा गळ्यात अडकवलेला, आणि सूर असा की वाद घालायची कोणाची छाती होऊ नये. साधना उठली. जाताना पायलच्या कानाशी वाकून ती एवढंच म्हणाली, "घाबरू नको, आपलंच चित्र आहे." 

अमरावतीच्या त्या शाळेच्या हॉलला एका अंगाने व्हरांडा होता. उघड्या खिडक्यांच्या गजांशी जिल्हाभरातले चित्रकला शिक्षक आणि आईबाप दाटीवाटीने उभे राहिले. आत पायलसारखी निवडक मुलं बसली होती. शाळेने आधी पाठवलेलं चित्र त्यांना परीक्षकांच्या डोळ्यांदेखत पुन्हा काढायचं होतं. हा नियम यंदाचाच. मागच्या वर्षी तीन शाळांच्या चित्रांत एकच बैल निघाला होता; तोच शिंगांचा बाक, तोच उचललेला डावा पाय. तिन्ही शाळांत चित्रकला शिकवणारे सर एकच होते. आता दोन्ही चित्रं शेजारी ठेवून हात जुळला नाही तर मूल बाद होणार होतं, आणि तेही सगळ्यांसमोर नाव घेऊन.

हात फिरवणे हा चित्रकला शिक्षकांचा जुना शब्द. मुलाने चित्र काढायचं आणि शिक्षकाने वरून जरा हात फिरवायचा. कोणी झाडाची सावली नीट करतो, कोणी मागचे डोंगर. भाजीवर वरून फोडणी घालावी इतकं ते अंगवळणी पडलेलं असतं, त्यामुळे त्यात लपवाछपवी आहे असं कोणालाच वाटत नाही. साधना चेहरे काढायची. दर्यापूरच्या तिच्या शाळेत पाचवीपासून सगळ्या वर्गांना तिचं एकच सांगणं असे, "चेहरे तसेच ठेवा, मी बघते."

पायलने बाजार काढला होता. दर्यापूरचा आठवडी बाजार. मिरच्यांचे ढीग, काठ्यांवर ताणलेली पोती, कोणाची नजर चुकवून मेथीच्या जुडीला तोंड घालणारी शेळी. हे सगळं तिचं स्वतःचं होतं, आणि सातवीतल्या मुलीच्या मानाने विलक्षण होतं. चेहरे साधनाचे होते.

"मॅडम, तुमी काहून एवढ्या टेन्शनमंधी?"

पायलचे वडील संघपाल तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. दर्यापूर-अमरावती रस्त्यावर ते काळीपिवळी चालवत. आज गाडीत एकही सवारी न घेता ते या दोघींनाच घेऊन आले होते, आणि त्यांच्या अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता.

"टेन्शन नाही हो. ऊन लागलं थोडं."

"काढते ते बरोबर. पाहाच तुमी." त्यांनी खिशातून मोबाइल काढला. उघडल्याबरोबर पायलचा बाजार दिसला. "गाडीत बसनाऱ्या एकएकाले दाखवलं म्या. एक मास्तर तं म्हने, हे पोट्टीनं काढलंच नाई, कोनाचा तरी हात हाय. भरल्या गाडीत सुनावलं म्या त्याले."

"काय म्हणालात?"

"म्हनलं, माही पोरगी परीक्षकासमोर बसून काढून दाखवनार हाय. तवा येजो अमरावतीले पाहाले." ते हसले. "आला पाहिजे होता लेकाचा."

साधनाने खिडकीचा गज धरला. बाद व्हायची तर शाळा होऊ दे, तिला स्वतःला चार शब्द ऐकावे लागले तर लागू दे. पण त्या बाई हॉलच्या मध्यावर उभ्या राहून म्हणतील की हे चित्र या मुलीचं नाही, आणि हा माणूस इथे उभा राहून ते ऐकेल. मग तो लेकीकडे कसा बघेल, हे तिला डोळ्यांपुढे आणवेना. तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

आत पायलने कच्चं रेखाटन केव्हाच संपवलं होतं. तिचा हात असा चालत होता की इतर मुलं मान वर करून बघायला लागली. पोती आली, तराजू आला, शेळी आली. बायका आल्या, एक वाकून कांदे निवडणारी, एक कमरेवर हात ठेवून भाव करणारी, एक पोराला कडेवर घेतलेली. मग रंग. साधनाला ते पाहताना क्षणभर सगळं विसरायला झालं.

आणि मग पायल थांबली. तिने ब्रश धुतला, फडक्याला पुसला, हात मांडीवर ठेवले आणि ती खिडकीकडे बघत बसली.

"झालं तिचं," संघपाल म्हणाले. "पाहा ना, सगळ्याइच्या पयले."

झालं नव्हतं. इतक्या लांबूनही साधनाला दिसत होतं की प्रत्येक माणसाच्या खांद्यांवर कोरा गोल होता. पायल घाबरलेली नव्हती, गोंधळलेली नव्हती. तिचं काम संपलं होतं आणि आता मॅडमनी यायचं होतं. तीन वर्षं हे असंच चालत आलं होतं.

साधनाला पावसाळ्यातला तो तास आठवला. पायलने पहिल्यांदा हा बाजार काढून आणला तेव्हा चेहरे तिने स्वतःच काढले होते. एका म्हातारीचं तोंड आत गेलेलं आणि हनुवटी पुढे आलेली. एका बाईचा डोळा तिरपा. भाव करणारीचा तर ओठ असा वळलेला की तिचं बोलणं ऐकू यावं. साधना हसली होती. "अशी तोंडं कोणी काढतं का गं? स्पर्धेला जायचंय चित्र." आणि तिने खोडरबर फिरवलं होतं. पायलही हसली होती. मग साधनाने आपले नेहमीचे चेहरे काढले; सरळ नाक, पानासारखे लांब डोळे, ओठांवर किंचित हसू. कॉलेजात असताना बसवलेला तो चेहरा होता. तो कधी चुकत नसे.

"मॅडम, इशारा करा," डाव्या बाजूने चांदूर रेल्वेचे श्याम सर कुजबुजले. ते स्वतः गजाबाहेरून हिरवा रुमाल हलवत होते. त्यांच्या विद्यार्थ्याने शेताला भलताच रंग घेतला होता. "लाजून का फायदा? सगळेच करून राहिले."

"कसला इशारा करू?"

"जे राह्यलं असन ते."

साधनाने हात उचलला, पण शेजारी संघपाल उभे होते. तिने तो हात केसांवरून फिरवला आणि खाली घेतला.

परीक्षक बाई रांगेतून येत येत पायलपाशी थांबल्या. चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी कागद पाहिला, बराच वेळ पाहिला. तेवढ्यात पायलने विचारलं, आणि हॉल शांत असल्यामुळे ते खिडकीपर्यंत स्वच्छ आलं.

"मॅडम, चेहरे पण मीच काढायचे का?"

"मग कोण काढणार, बाळा? मी?"

पोरं हसली. व्हरांड्यातही थोडं हसू झालं, पण शिक्षक मंडळींपैकी कोणी हसलं नाही. परीक्षक बाईंनी मान वळवून खिडक्यांवरून सावकाश नजर फिरवली. श्याम सरांचा रुमाल खिशात गेला.

"असं काहून विचारलं तिनं?" संघपालांनी हळूच विचारलं. त्यांच्या ओठांवरचं हसू अजून गेलं नव्हतं, पण ते आता नुसतंच उरलं होतं. "मॅडम?"

 आत पायल अजून साधनाकडेच बघत होती. साधनाने मान हलवली. काढ. तूच काढ. पायलनेही मान डोलावली, बारीक ब्रश उचलला आणि कागदावर वाकली. तिच्या कोपरामुळे पुढचं काही दिसेना.

घंटा होईपर्यंत संघपाल खिडकीतून आत बघत राहिले. त्यांनी मोबाइल खिशात ठेवला होता.

मग एकेका मुलाच्या पालकांना आणि शिक्षकांना आत बोलावणं आलं. दोन मुलं बाद झाली. त्यातला एक श्याम सरांचा होता. तो रडला नाही, फक्त रंगपेटी विसरून निघून गेला. पायलचं नाव पुकारलं तेव्हा साधना चालत गेली, पण टेबलापर्यंत पोचल्याचं तिला कळलं नाही. परीक्षक बाईंनी दोन्ही बाजार शेजारी शेजारी मांडले होते आणि त्या भिंगातून चेहरे पाहत होत्या.

"खरं सांगू मॅडम, तुमच्या या चित्राचा मला दाट संशय होता," त्या म्हणाल्या. "हे चेहरे मुलाच्या हाताचे वाटतच नव्हते. पण बघा तुम्हीच. एकच हात आहे."

साधनाने पाहिलं. सरळ नाक, पानासारखे डोळे, ओठांवर किंचित हसू. कुठे जराही घसरलेलं नव्हतं. नाकाच्या शेंड्याखाली ती स्वतः द्यायची तो सावलीचा छोटा ठिपकासुद्धा प्रत्येकीला दिलेला होता. कांदे निवडणारी, भाव करणारी, कडेवरचं शेंबडं पोर, सगळ्यांना.

"पहिला नंबर," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पायलच्या पाठीवर थाप मारली. "माफ करा हं, शंका घेतली."

साधना खूश झाली. खोटं कशाला बोलायचं, फार खूश झाली. संघपालांनी लेकीला सगळ्यांदेखत उचलून घेतलं आणि ती "बाबा, सोडा ना" म्हणत लाजेने लाल झाली. आता रस्त्यात भेटेल त्या मास्तराला ते गाडी थांबवून सुनावणार होते.

परतताना त्यांनी गावाबाहेरच्या एका टपरीवर गाडी उभी केली. गिला वडा आला, चहा आला.

"चेहरे कधी शिकलीस गं तू?" साधनाने विचारलं.

"तुमी काढता तेव्हा पाहते ना मी, मॅडम." पायलच्या तोंडात वडा होता. "सोपं आहे ते. एकदा जमलं की जमलं."

"मग मला कधी सांगितलं नाहीस?"

"तुमी म्हनत होत्या ना, मी बघते."

संघपाल बाकावर ऐसपैस बसले होते. दिवसभराचं ऊन, गालावरचा जुना व्रण, पान खाऊन रंगलेले दात आणि त्या सगळ्यावर पसरलेला आनंद. "मॅडम, आता हिले मले काढाले सांगा," ते म्हणाले. "असंच, बसल्या बसल्या. गाडीत लावतो, समोरच्या काचेपाशी."

"काढ गं," साधना म्हणाली. तिलाही ते मनापासून पाहायचं होतं.

पायलने हात पुसले, उरलेला एक कोरा कागद मांडीवर घेतला आणि सुरुवात केली. संघपाल मान ताठ करून, श्वास धरून बसले. साधना पायलकडे बघत होती. नाक आलं. डोळे आले, लांब, पानासारखे. पेन्सिल न अडखळता चालली होती. तिचा बाप हाताच्या अंतरावर बसला होता आणि तिने मान एकदाही वर केली नाही. शेवटी तिने ओठांवर मिशी ओढली आणि कागद फिरवून दाखवला.

"साजरं काढलं," संघपाल म्हणाले. त्यांनी कागद दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. "लय साजरा दिसून राह्यलो मी तं."

"पायल," साधना म्हणाली.  "एकदा बाबांकडे बघ बरं."

पायलने बापाकडे पाहिलं, मग चित्राकडे आणि मग साधनाकडे.

"काहून मॅडम? चुकलं का?"

आणि उत्तराची वाट न बघता तिने कागद साधनाच्या पुढ्यात सरकवला, पेन्सिल उलटी करून तिच्या हातापाशी धरली, आणि जागा करून द्यायला बाकावर थोडी बाजूला सरकली.