मावशीची लिफ्ट

बटणच्या पोटात दुखत होतं. डॉक्टरकडे जाऊन बरं होणारं ते दुखणं नव्हतं, कारण त्याचं मूळ तिसऱ्या रांगेत, खिडकीजवळच्या संगणकापुढे, चष्मा कपाळावर चढवून बसलेलं होतं. ते मूळ म्हणजे तिची सख्खी मावशी.

बटण हे घरातलं नाव. लहानपणी दिसेल ते बटण दाबायची, शेजाऱ्यांची बेल तर दिवसातून दहा वेळा, म्हणून पडलेलं. बाराव्या वर्षी तिनं पहिला गेम बनवला. एक चौकोन दुसऱ्या चौकोनाच्या मागे धावायचा, एवढाच. पण तेव्हापासून घरात ठरूनच गेलं की ही गेम बनवणार. नात्यागोत्यात इंजिनियर ढिगानं होते, दोन वकील होते, एक दाताचा डॉक्टरही होता. गेमवाली मात्र एकच. विद्यापीठात गेम डेव्हलपमेंटला प्रवेश मिळाला तेव्हा बटण आठवडाभर जमिनीपासून चार बोटं वरून चालत होती.

आणि मावशीला त्या वर्गात कुणी आणलं? बटणनंच. हेच तर तिला सगळ्यात जास्त खुपत होतं.

मावशी वीस वर्षं एका मोठ्या इस्पितळात चौकशीच्या खिडकीत बसली. एक्स-रे कुठे, रक्त कुठे द्यायचं, आमचे बाबा कुठल्या मजल्यावर, हे दिवसभर. मग इस्पितळानं तिथे बोटानं दाबायचे पडदे लावले, खिडकी बंद केली, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी मावशी घरी बसली. महिनाभर ती नुसती भिंतीकडे बघत होती. आईनं धाकट्या बहिणीच्या काळजीनं बटणच्या मागे टुमणं लावलं, "तिला काहीतरी सुचव गं." बटणनं थट्टेथट्टेत आपल्याच कोर्सचा अर्ज भरून टाकला. मोठ्या वयाच्या लोकांसाठी चार जागा होत्या. अर्जासोबत एक पान लिहून द्यायचं होतं, ते मावशीनं 'माणसं कुठे चुकतात' या विषयावर लिहिलं. आणि तिला बोलावणं आलं. त्या दिवशी बटणनं मावशीला उचलून गोल फिरवलं होतं, हे तिच्या बाजूनं सांगायलाच हवं.

पहिलं वर्ष झकास गेलं. "अगं, माझं फोल्डर कुठे गेलं?" असं मावशी दर तासाला विचारायची आणि बटण आपलं काम सोडून, सगळ्यांना दिसेल अशी उठून, तिला ते शोधून द्यायची. बटणचं ऐकून सगळा वर्ग मावशी म्हणू लागला, आणि मावशीचं ऐकून बटणला बटण. शेवटी सरही म्हणू लागले. बटणला वाटायचं, आपण किती मोठ्या मनाच्या आहोत. समोरचा आपल्यापेक्षा कच्चा असतो तोवर मन मोठं ठेवणं फार सोपं असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला आपापला गेम करायचा होता आणि तिथे पारडं फिरलं.

बटणनं बुडालेलं शहर केलं. काय ते पाणी, काय तो वरून झिरपणारा उजेड! कमानी, खांब, खांबांवर शेवाळ, शेवाळावर बुडबुडे. वर्गानं आ वासला. मग गेम दुसऱ्याला खेळायला द्यायचा दिवस आला. त्या दिवसाचा नियम एकच: ज्याचा गेम आहे त्यानं मागे बसायचं आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. खेळणारा अडकला तर अडकू द्यायचा. बटणचा गेम खेळायला बसलेला मुलगा एकाच खांबाभोवती पाच वेळा फिरला. सहाव्यांदा बटणला राहवेना.

"अरे, उजवीकडे! कमानीतून! दिसत नाही का?"

"बटण," सर म्हणाले, "गेम विकला की तू प्रत्येकाच्या घरी जाऊन मागे उभी राहणार आहेस का?"

वर्ग खो खो हसला. मावशी हसली नाही. बटणला त्याचाही राग आला.

मग मावशीचा गेम. दिसायला अगदी सुमार. भिंती फिक्या हिरव्या, माणसांची तोंडं बटाट्यासारखी. गोष्ट इतकीच की एक म्हातारा इस्पितळात आहे, त्याचा चष्मा घरी राहिलाय आणि तो तुम्हाला नेऊन द्यायचाय. नकाशा नाही, बाण नाही, पाटी नाही. पण जो बसला तो कुठेही न अडकता, न विचारता, सात मजल्यांच्या त्या इमारतीतून बरोबर म्हाताऱ्याच्या खाटेपाशी पोचला. सर स्वतः बसले. तेही पोचले. उठून ते मावशीकडे वळले.

"मावशी, हे जमवलंत कसं?"

"जमवलं कुठे?" मावशी लाजून म्हणाली. "माणूस दमला की उजेडाकडे वळतो. घाबरला की बाकीचे जातात तिकडे जातो. मी वीस वर्षं नुसतं बघितलंय, सर."

बटणच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपण आठ वर्षं जागून, शिकून, पाहून, करून जे हाताला लागलं नाही, ते हिला खिडकीत बसल्या बसल्या मिळालं! आणि मिळालंय हेही हिला धड माहीत नाही!

घरी आई दारातच उभी. "सरांनी मावशीचं कौतुक केलं म्हणे?"

"माझंही केलं."

"हो का? काय म्हणाले?"

"पाणी छान आहे म्हणाले," बटण म्हणाली आणि खोलीचं दार जरा जोरात लावलं.

इथवर सगळं जळफळाटावर निभावलं असतं. पण त्या वर्षी एका नावाजलेल्या स्टुडिओनं कळवलं की वर्गातल्या एकाला सहा महिने कामावर घेऊ. एकालाच. आमच्या बाई येतील, सगळ्यांचे गेम खेळतील आणि ठरवतील. त्या स्टुडिओचं चित्र बटणच्या कपाटाच्या दारावर चौदाव्या वर्षापासून चिकटवलेलं होतं. दुसरं कुणी तिथे जाईल ही कल्पनाच तिनं कधी केली नव्हती. आता मात्र ती कल्पना रोज समोर बसून डबा खात होती.

बाई यायच्या आधी सरांनी चिठ्ठ्या टाकल्या. प्रत्येकानं दुसऱ्या एकाचा गेम कसून तपासायचा, सापडलेल्या चुका छापील कागदावर लिहायच्या, खाली सही करायची. बटणला मावशीचा गेम आला.

तिनं तो खरंच कसून तपासायला घेतला. भिंतींना धडका दिल्या, खुर्च्यांवर चढली, जिन्यावरून उलटी चालली. काही म्हणता काही सापडेना. मग चौथ्या मजल्यावरच्या लिफ्टमध्ये शिरली आणि दार बंद होऊ लागताच उगीचच मागे फिरून बाहेर पाऊल टाकलं. पायाखालची जमीन गेली. पडद्यावर नुसती राखाडी पोकळी, आणि त्यातून ती खाली, खाली, खाली. थांबणं नाही, परत येणं नाही. गेम संपला असंही नाही. नुसतं पडत राहायचं.

कारण तिला लगेच कळलं. लिफ्ट हलावी म्हणून दारापुढची जमीन क्षणभर काढावी लागत होती. मावशीनं ती दार पूर्ण बंद झाल्यावर काढायच्या ऐवजी दार मिटायला लागतानाच काढली होती. एक ओळ दुसरीच्या खाली सरकवली की काम फत्ते.

बटणनं पेन उचललं. कागदाकडे बघितलं. मिटणाऱ्या लिफ्टमधून मागे कोण फिरतं? कुणी नाही, तिनं स्वतःला समजावलं. मग लिहिलं, "काही सापडलं नाही." आणि खाली 'बटण' अशी सही ठोकली.

"तू बघितलंस ना, आता मला घोर नाही," मावशी म्हणाली आणि डब्यातला अर्धा वाटा तिच्याकडे सरकवला. बटणनं तो खाल्ला. पुढचे तीन आठवडे रोज खाल्ला.

स्टुडिओच्या बाई आल्या त्या खांद्यावरची पिशवीही खाली न ठेवणाऱ्या. प्रत्येकाला दहा मिनिटं. बुडालेल्या शहरात त्या चार मिनिटं त्याच त्या खांबाभोवती फिरल्या. बटणनं जीभ दातांत धरली. "पाणी अप्रतिम आहे," म्हणत बाईंनी काहीतरी टिपलं आणि पुढे सरकल्या.

मावशीच्या संगणकापुढे मात्र त्यांनी पिशवी खाली ठेवली. पहिला मजला, दुसरा, तिसरा. खुर्ची हळूहळू पुढे सरकत गेली. चौथ्या मजल्यावर त्या लिफ्टमध्ये शिरल्या. दार मिटू लागलं. तेवढ्यात समोरच्या बोळातून एक म्हातारं जोडपं एकमेकांना धरून लिफ्टकडे येताना दिसलं. मावशीनं इमारतीत अशी कितीतरी माणसं सोडली होती. "अरे, थांबा थांबा," बाई पडद्याला म्हणाल्या, आणि दार धरायला मागे फिरल्या.

पडल्या. राखाडी पोकळीत, खाली, खाली.

बाईंनी दोनचार कळा दाबून पाहिल्या, मग सरांच्या हातातली फाइल घेतली. "हे तपासलं कुणी होतं?" त्यांनी कागद काढला, वाचला, सही बघितली. "बटण कोण?"

"मी."

"लिफ्ट तपासली नव्हतीस?"

मावशीनं तेव्हा बटणकडे बघितलं. बाकीचा वर्ग पडद्याकडे बघत होता, बटण फरशीकडे. चौकशीच्या खिडकीत वीस वर्षं बसलेल्या बाईला चेहरा वाचायला वेळ लागत नाही.

"तिची नाही हो चूक," मावशी म्हणाली. "तिनं तपासलं तेव्हा ठीक होतं. मीच परवा नसता शहाणपणा केला. लिफ्टला हात लावला."

"शेवटच्या घटकेला हात लावू नये," बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवी पुन्हा खांद्याला अडकवली आणि टिपणवहीत एका नावावर रेघ मारली. बटणला ती रेघ लांबूनही स्वच्छ दिसली.

सुटली होती ती. गप्प बसलं की झालं. जागा जवळजवळ पदरात पडलेली. आणि नेमकं तेव्हाच तिच्या अंगाचा तिळपापड झाला. गेम हिचा चांगला. कौतुक हिचं. आणि आता मोठेपणाही हिचाच! हिच्या उपकारावर मी स्टुडिओत जायचं, आणि जन्मभर ही तिथेही माझ्या वरच!

पश्चात्ताप वगैरे काही नाही. तिला फक्त हे सहन झालं नाही.

"खोटं बोलतेय ती!" बटण ओरडलीच. "तिनं कशाला हात लावला नाही. मला तीन आठवड्यांपूर्वीच सापडलं होतं. मी लिहिलं नाही."

"का?" बाईंनी विचारलं.

"कारण तिचा गेम माझ्यापेक्षा चांगला आहे."

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. बाई पुन्हा पडद्याकडे वळल्या.

"दुरुस्तीला किती वेळ लागेल?"

"मला नाही सांगता येणार," मावशी म्हणाली.

"दोन मिनिटं," बटण म्हणाली.

बाईंनी खुर्ची रिकामी केली. बटण बसली, सगळ्या वर्गादेखत, आणि तिनं ती ओळ दुसरीच्या खाली सरकवली. दोन मिनिटंही लागली नाहीत. बाई पुन्हा पहिल्या मजल्यापासून सुरू झाल्या. या खेपेला त्यांनी लिफ्टचं दार धरलं, म्हाताऱ्या जोडप्याला आत घेतलं, सातव्या मजल्यावर पोचल्या आणि चष्मा दिला. बटाट्यासारख्या तोंडाच्या म्हाताऱ्यानं तो डोळ्यांवर चढवला आणि नीट वर बघितलं. बटणनं तो शेवट पूर्वी कधी नीट पाहिलाच नव्हता. वर्गात बाकीचे पोचले तेव्हा ती रागानं दुसरीकडे बघत होती. तपासायला बसली तेव्हा ती चौथ्या मजल्याच्या पुढे गेलीच नव्हती. आताही तिला हेवा वाटला, अगदी सडकून.

"एक तारखेपासून या," बाई मावशीला म्हणाल्या. बटणला म्हणाल्या, "हात चांगला आहे तुझा. पण उद्या तुझी सही असलेल्या कागदावर मी विश्वास कसा ठेवू?"

बसथांब्यापर्यंत मावशी दोन पावलं पुढेच चालत राहिली.

"रागाव ना मला," शेवटी बटण म्हणाली.

"रागावलेय."

"मग बोल काहीतरी."

"काय बोलू?" मावशी रस्त्याकडे बघत म्हणाली. "मला तुझा हेवा वाटत नसेल असं वाटतं तुला? वीस वर्षांची आहेस. बोटं कशी भराभर चालतात तुझी. आज चुकलीस तर उद्या दुसरीकडे जाशील, परवा तिसरीकडे. मला पुन्हा कोण बोलावणार होतं? ही एकच जागा होती माझ्या वाट्याची. ती मी आज तुझ्यासाठी सोडली होती."

बटणला रडू फुटलं. मावशीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला नाही.

बस आली, जवळजवळ रिकामीच. मावशी चढली, खिडकीशी बसली आणि हातातली पिशवी तिनं शेजारच्या जागेवर ठेवली. बटण दांडीला धरून उभी राहिली, घर येईपर्यंत.