दयेच्या भाषणासाठी एक मुडदा

गुरुमूर्ती अकरा वर्षं मरत होता. तंजावरच्या मराठी मंडळाच्या वार्षिक नाटकात तो शत्रूचा पकडलेला पहारेकरी. पहिल्या अंकातच त्याची मान उडे आणि पुढची वीस मिनिटं तो डासांना जेवू घालत पडून राही. नाटक दर वर्षी तेच. तीन सरदार त्याच्या जिवाचा निकाल लावत: एक म्हणे मारा, दुसरा म्हणे क्षमा करा, तिसरा म्हणे लढाईच नको, घरी चला. लिहिलं होतं निवृत्त हेडमास्तर राममूर्तींनी, आणि क्षमेचा सरदारही तेच. त्या सरदाराने जरा उशिरा पोचायचं आणि प्रेताशेजारी उभं राहून दयेवर भाषण करायचं. देवनागरी वाचणारे चारच उरल्यामुळे सगळ्यांच्या वह्या तमिळ अक्षरांत होत्या. हेडमास्तरांना मात्र वही लागतच नसे.

एरवी गुरुमूर्तीची मरायला ना नव्हती. पण यंदा लेकीचं, हरिताचं, लग्न ठरत आलं होतं. मुलगा परदेशी बँकेत, घरी केबल टीव्ही, आणि त्याची आई नागलक्ष्मी खास मद्रासहून नाटकाला येणार होती.

"विहीणबाईंनीं तुम्हांस पहिल्यांदा पाहायचें, तें मेलेलेंच कां?" बायको अंबा म्हणाली. "एक वर्ष तरी जगा कीं!"

हे त्याला फार झोंबलं. तो आधी रघोजीकडे गेला. रघोजी लढाई टाळणारा सरदार. ओरत्तनाडूला त्याची भातशेती, आणि शेजाऱ्याने चारदा बांध सरकवला तरी पठ्ठ्याने ब्र काढला नव्हता.

"सोपें आहे," रघोजी म्हणाला. "त्या दिवशीं येऊंच नको. ताप आला म्हण."

हेडमास्तर तर उखडलेच. "तूं जगलास तर मी दयेवर बोलूं कशास? प्रेत नाहीं, तर दया कोणाची?"

राहिला वरुणराव, मारणारा. पोस्टात कारकून. घरी झुरळ निघालं तर हा बाकावर चढे, आणि दर वर्षी लाकडी तलवार उचलताना "क्षमा कर बा" असं कुजबुजे. गुरुमूर्तीने नुसतं "मुलीचें लग्न आहे रे" म्हटलं, तर याचे डोळे भरले.

"सरि, बरें," तो म्हणाला. "यंदा मारत नाहीं. काय व्हायचें तें होऊं दे."

नाटकाला सभागृह भरलं. नागलक्ष्मी पहिल्या रांगेत, अंबेशेजारी. वरुणराव गरजला, "शत्रूस सोडणें म्हणजे सापास दूध पाजणें!" तलवार वर गेली, थांबली, आणि म्यानात परतली. "जा. सोडलें तुला."

टाळ्या पडल्या. उभं राहिलं की प्रेक्षक दिसतात, हे गुरुमूर्तीला अकरा वर्षांनी कळलं. विहीणबाई हसत होत्या. त्याला इतका आनंद झाला की रडूच फुटायचं बाकी होतं.

तेवढ्यात हेडमास्तर आले. सवयीने म्हणाले, "थांबवा हा रक्तपात!" रक्त कुठेच नव्हतं. रघोजीने रागरंग ओळखला, तीन पानं आधीच "चला, घरीं चला" म्हणून टाकलं आणि विंगेत जाऊन कॉफी मागितली. हेडमास्तरांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी स्वतःची तलवार उपसली.

"मर रे मूर्खा, भाषण आहे!" ते दातओठ खात पुटपुटले आणि त्यांनी पहारेकऱ्याच्या पोटात ती खुपसली.

गुरुमूर्तीला बाजूला होता आलं असतं. पण पाचवीत ज्यांच्या छड्या खाल्ल्या, त्यांच्यापुढे भर सभेत जगायचं कसं? तो पडला. मग हेडमास्तरांनी तलवार पुसली आणि वीस मिनिटं दया शिकवली. सभागृह हुंदके देत होतं.

पडदा पडल्यावर नागलक्ष्मी डोळे पुसत आली आणि हेडमास्तरांच्या पाया पडली. मग अंबेला म्हणाली, "तुमचे यजमान जगतात कीं काय, मज धास्तीच पडली होती. बरें झालें मेले. लग्नाचीं बोलणीं आतां तुमच्या बाजूनें हेडमास्तरांनींच करावीं. इतका कनवाळू माणूस मी पाहिला नाहीं."