निवडून येईल असा माणूस

माझा नवरा निवडणुकीला उभा राहिला तर पडणार, हे आमच्या गटात सगळ्यात आधी मला कळलं होतं. ते त्याला सांगायचं कुणी, एवढाच प्रश्न उरला होता, आणि ते बायकोचं काम आहे यावर सगळ्यांचं लगेच एकमत झालं. एरवी आमच्या गटाचं चहात आलं घालायचं की वेलची यावरही एकमत होत नाही.

निवडणूक देशाची नव्हे, डब्लिनच्या लिफीकाठ मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाची. हसू नका. परदेशातलं मराठी मंडळ ज्यांनी आतून पाहिलंय, त्यांना माहीत आहे की देशाच्या निवडणुकीत माणसं इतकी जीव तोडून भांडत नाहीत. आणि २०२१ च्या त्या मे महिन्यात खरंच काहीतरी पणाला लागलं होतं. मंडळाची शनिवारची मराठी शाळा क्लोनडॉकिनच्या एका हॉलमध्ये भरायची. कोविड आल्यापासून ती झूमवर गेली होती. आता निर्बंध उठायला लागले होते, आणि हॉल उघडला की शनिवारची वेळ शाळेऐवजी बॉलिवूड डान्स आणि इनडोअर क्रिकेटला द्यायची, असं गिरीशच्या पॅनेलनं जाहीर करून टाकलं होतं. गिरीश वाईट माणूस नाही. त्याच्या बायकोच्या हातच्यासारखी बाकरवडी अख्ख्या डब्लिनमध्ये मिळत नाही. पण तो अध्यक्ष झाला तर शाळा बुडाली, हे उघड होतं. म्हणून आम्ही शाळावाल्यांनी आपला एक उमेदवार द्यायचं ठरवलं.

आणि शाळा म्हणजे रवी. रविकांत, माझा नवरा. आमची तन्वी लहान असताना त्यानं ती आमच्या बैठकीच्या खोलीत सुरू केली, चार मुलं आणि एक फळा घेऊन. एवढ्या वर्षांत त्यानं एक शनिवार चुकवलेला मला आठवत नाही. पण त्याचं भाषेचं सोवळं फार कडक. एखादं पोर 'ब्लू' म्हणालं की 'निळा' म्हणेपर्यंत गाडी पुढे जायची नाही. मंडळाच्या मेलमध्ये हा झूम मीटिंगला 'दूरदृश्य बैठक' लिहितो आणि मग लोक मला गुपचूप फोन करून विचारतात, अलका, नक्की जॉइन कुठे व्हायचंय? एका गणेशोत्सवात निवेदिका 'चला, बाप्पाला वेलकम करू या' म्हणाली, तर हा उठून बाहेर गेला आणि पार्किंगमध्ये पावसात उभा राहिला. मी त्याला छत्री नेऊन दिली. आत चल असं काही म्हटलं नाही, कारण आत मोदक संपत आले होते.

असा हा माणूस, आणि त्याची स्वतःची मुलगी त्याला इंग्रजीत उत्तर देते. तन्वीला मराठी सगळं कळतं, पण तोंड उघडलं की 'आय'म ग्रँड, बाबा.' म्हणजे मी ठीक आहे, तेही अस्सल डब्लिनच्या सुरात. याचं त्याला दुःख आहे. तो ते बोलत नाही, शनिवारी दुसऱ्यांच्या मुलांवर आणखी मेहनत घेतो. मला त्याचा राग येतो, पण माया जास्त येते. हे मी त्याला सहसा सांगत नाही, लगेच चढून बसतो.

उमेदवारीसाठी दुसरं नाव होतं देवयानीचं. ती नागपूरची, डब्लिनजवळच्या नावन गावच्या हॉस्पिटलात नर्स. तिच्या वाक्यात मराठी शब्द शोधावे लागतात. पण कोविडमध्ये ज्या घरात कुणी आजारी पडलं, त्या घराच्या दारात ड्यूटी संपवून डाळ-तांदूळ ठेवून जाणारी तीच. नोकरी गेलेल्या, खोली गेलेल्या विद्यार्थ्यांना आसरा शोधून देणारीही तीच. ती उभी राहिली असती तर गिरीशच्या बायकोनंही तिलाच मत दिलं असतं. अडचण एकच होती. लहान मुलांना आधी रोमन लिपीत मराठी शिकवू, असं तिनं मागे सुचवलं होतं. रवी त्या दिवशी जेवला नाही. 'हे बाटवणं आहे,' म्हणाला. देवयानी खळखळून हसली. 'अहो रविदादा, पोरं आजीला मेसेज तर करतील ना, यार!'

नाव ठरवायच्या बैठकीच्या आधी शिरीषचा मला फोन आला. शिरीष आमच्या गटातला मुत्सद्दी. गोड बोलून दुसऱ्याकडून काम करून घ्यावं तर त्यानंच.

'अलका, रवीसारखा खरा माणूस आपल्यात नाही,' त्यानं सुरुवात केली.

'मुद्द्यावर ये.'

'तो उभा राहिला तर आपण हरतो. लोक त्याला मान देतात गं, मतं नाही देणार. आपल्याला निवडून येईल असा माणूस हवा. तू त्याला समजाव ना.'

'तू समजाव. तुझा मित्र आहे.'

'माझी मुलगी त्याच्या वर्गात आहे,' शिरीष म्हणाला.

मी फोन ठेवला. आठवडाभर मी ते सांगायचं ठरवत होते आणि रोज काहीतरी वेगळंच बोलत होते. कसं सांगणार? ज्या माणसानं शाळा उभी केली, त्यालाच म्हणायचं की शाळा वाचवायला तू चालत नाहीस?

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्यात पहिलं 'नको' हे उत्तर नसतं. पाहुणा पहिल्यांदा नको म्हणतो, दुसऱ्यांदा जरा हळू नको म्हणतो, आणि तिसऱ्यांदा वाढलं की मुकाट्यानं खातो. रवी तर यात पट्टीचा. मंडळाचा चिटणीस होताना त्यानं दोनदा नकार दिला, शाळेचा प्रमुख होतानाही दोनदा. प्रत्येक वेळी लोकांनी आग्रह केला आणि त्यानं मान डोलावली. त्यामुळे तो अध्यक्षपदालाही आधी नको म्हणणार, मग आग्रह केला की हो म्हणणार, हे मी धरूनच चालले होते. आयरिश लोकांचंही असंच आहे हो. आमची शेजारीण मॉरीन चहाला विचारलं की 'आ नो, आय'म ग्रँड' म्हणते आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर चहाबरोबर तीन बिस्किटं संपवते. आम्हाला इथे परकं वाटत नाही ते काही उगाच नाही.

बैठक आमच्या मागच्या अंगणात ठेवली. घराबाहेर सहा जणांना भेटायची परवानगी नुकतीच मिळाली होती. आम्ही पाच होतो: रवी, मी, शिरीष, देवयानी आणि तनय. तनय इथेच एमएस करून नोकरीला लागलेला, आमच्या गटातला सगळ्यात लहान, शाळेची झूमची बाजू तोच सांभाळायचा. वर्षभरानं सगळे एकमेकांना गळ्यापासून खालीही दिसत होतो. शिरीषचं पोट सुटलं होतं. मी पोहे केले होते, वारं सुटलं होतं आणि सगळे कोट घालून पोहे खात होते.

'युवर मॅन गिरीश ऑलरेडी सगळ्यांना कॉल करतोय,' तनय म्हणाला. 'युवर मॅन' म्हणजे इथल्या बोलीत 'तो बाबा'. 'आपण आजच नाव फायनल करू या.'

शिरीषनं घसा साफ केला. 'माझ्या मते पहिला मान रवीचा. रवी, तू उभा राहा.'

रवीनं हातातली बशी खाली ठेवली. 'नको. माझं नाव नको.'

आणि सगळे गप्प झाले. आता दुसऱ्यांदा विचारायची वेळ होती. शिरीषला ते माहीत होतं, तो पोह्यातला शेंगदाणा शोधायला लागला. देवयानी माझ्याकडे बघत होती. ती पुढे होऊन विचारू शकत नव्हती, दुसरं नाव तिचंच होतं. राहिले मी. माझ्या तोंडाशी शब्द आले होते, 'असं काय रे, राहा की.' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं असतं तर शिरीषलाही री ओढावी लागली असती, आणि रवी उभा राहिला असता, आणि पडला असता, आणि शाळा गेली असती. मी ओठ मिटले.

'ओके, ग्रँड,' तनय म्हणाला. त्या बिचाऱ्याच्या ऑफिसात नको म्हणजे नकोच असतं. 'मग देवयानीताई?'

'देवयानीचं नाव मी सुचवतो,' रवी म्हणाला.

शिरीषनं इतका मोठा श्वास सोडला की मला त्याच्या डोक्यात पोह्याचं पातेलं घालावंसं वाटलं. देवयानीचा चेहरा उतरला. 'रविदादा, ते रोमन स्क्रिप्टचं…' ती म्हणाली.

'ते अध्यक्षांनी ठरवायचं,' रवी म्हणाला. 'आधी शाळा राहू दे.'

पुढचे दिवस रवी माझ्याशी फार सभ्यपणे वागला. चहा दिला की 'धन्यवाद' म्हणायचा. ज्या बाईनं नवऱ्याच्या तोंडून 'धन्यवाद' ऐकलंय, तिला कळेल घरात किती थंडी पडली होती. आणि रोज संध्याकाळी हा फोन घेऊन बसायचा, शाळेतल्या एकेका मुलाच्या आईवडिलांना फोन करायचा, देवयानीला मत द्या म्हणून. कॉर्कला राहायला गेलेल्या कुटुंबांनाही त्यानं सोडलं नाही. एकदा तर मी त्याला 'वोटिंग' म्हणताना ऐकलं. पलीकडच्याला 'मतदान' कळत नव्हतं बहुतेक. मला वाटलं, हा स्वतःला शिक्षा करून घेतोय आणि त्यातून मला करतोय. माझाही पारा चढत गेला.

निकाल रविवारी झूमवर लागला. देवयानी दणक्यात निवडून आली. सगळ्यांनी पडद्यावर टाळ्यांची चित्रं उडवली. गिरीशनं मोकळ्या मनानं अभिनंदन केलं. देवयानी रडत-हसत म्हणाली, 'शाळा कंटिन्यू होणार, फर्स्ट डिसिजन हाच.' रवीनं खऱ्याखुऱ्या टाळ्या वाजवल्या, मग लॅपटॉप मिटला आणि स्वयंपाकघरात जाऊन पातेली घासायला लागला. मी मागोमाग गेले.

'एकदाचा राग काढ बाहेर,' मी म्हटलं. 'तुझं ते धन्यवाद मला आता सहन होत नाही.'

'मला राग नाही आलेला.'

'तुला उभं राहायचं होतं.'

'नव्हतं.'

'खोटं बोलू नकोस रवी. तुझं नको मला माहीत आहे.'

'ते नको खरं होतं,' तो म्हणाला. 'मी पडणार हे न कळण्याइतका मी खुळा आहे का? माझ्या मेलला लोक हात जोडल्याची चित्रं पाठवतात आणि बैठकीला येत नाहीत. मला कळतं ते. बैठकीच्या किती आधीपासून माझं ठरलं होतं.'

'मग झालंय काय तुला?' मी विचारलं.

त्यानं पातेलं निथळत ठेवलं, हात पुसले, आणि बराच वेळ पुसतच राहिला. 'दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही,' तो म्हणाला.

'तू नको म्हणालास ना.'

'हो. दुसऱ्यांदाही नकोच म्हणणार होतो. तिसऱ्यांदाही. काय बोलायचं तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं. पण ते बोलायची वेळच आली नाही. तनयला काय कळतंय, पोरगं आहे. शिरीषचंही समजू शकतो. पण तू समोर बसली होतीस, अलका.'

'मला भीती वाटली,' मी म्हटलं.

'कसली?'

'विचारलं तर तू हो म्हणशील.'

त्यानं माझ्याकडे पाहिलं. तो चिडला असता तर मी दोन हात केले असते, भांडणात मी त्याला ऐकत नाही. पण तो चिडला नाही.

'शाळा बुडवून?' तो म्हणाला.

इतकी वर्षं या माणसाबरोबर काढली, त्याच्या हट्टाला हसले, त्याला पावसात छत्र्या नेऊन दिल्या, आणि मला वाटलं होतं की एका खुर्चीसाठी हा आपलीच शाळा पणाला लावेल. शिरीषला तसं वाटलं तर वाटू दे. मला वाटायला नको होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मग डोळे पुसून मी स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसले.

'रवी, तू अध्यक्षपदाला उभा राहा.'

'अलका, निकाल लागला.'

'लागू दे. तू राहा.'

'नको.'

'असं काय करतोस? या मुलांसाठी तुझ्याइतकं केलंय कुणी? शाळा तुझी आहे. राहा.'

'नको गं,' तो म्हणाला.

'तू पडलास तरी चालेल मला,' मी म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं. 'मी एकटी तुला मत देईन. पण राहा.'

तो समोरच्या खुर्चीत बसला. 'नको,' तो म्हणाला. 'माझ्या नावापेक्षा शाळा राहणं…' आणि तिथेच अडला.

मी थांबले. त्यानं हाताच्या मुठीनं डोळे पुसले, वाक्य पहिल्यापासून घेतलं, आणि मी ते शेवटपर्यंत ऐकलं.